सावित्रीची गोष्ट आजच्या काळात लिहिली, वाचक चिडले, आता काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कथा वाचली, तुम्ही पाठवलेल्या प्रतिक्रिया पण सगळ्या वाचल्या, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. या ताईंनी वटपौर्णिमेच्या दिवशी सावित्रीची आजच्या काळातली गोष्ट लिहिली. नायिका इचलकरंजीची, नवरा यंत्रमागावर कामाला, त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरातले सगळे धरूनच चालतात की किडनी हीच देणार, तिला कुणी विचारतसुद्धा नाही. ती देते. ऑपरेशन नीट होतं, नवरा वाचतो. पुढच्या वटपौर्णिमेला ती वडापाशी जाते, दोरा बरोबर नेलेला असतो पण बांधत नाही, सावलीत बसते आणि म्हणते, "ह्या जन्मापुरतं झालं." एवढीच गोष्ट. दोन दिवसांत शेकडो लोक तुटून पडले, काहींनी डोक्यावर घेतलं, काहींनी घरच्यांपर्यंत शिव्या पोचवल्या. ताई विचारतायत की गोष्ट काढून टाकू, माफी मागू की शेवट बदलू.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. काढू नका. सरसकट माफी मागू नका. शेवटाला हात लावू नका. पण पहिला परिच्छेद बदला, आणि तो लोक चिडले म्हणून नाही तर तो चुकलाय म्हणून बदला. आता का ते सांगते, लांबेल थोडं.

मी तीसेक वर्षं कथा संपादन करतेय, त्यात पुराणातल्या गोष्टी नव्याने सांगणाऱ्या कथा खूप येतात, दरवर्षी दिवाळीच्या आधी तर ढीग असतो, अहल्या, कर्ण, ऊर्मिला, शंबूक, रेणुका. आणि माझे वडील कीर्तनकार होते, त्यामुळे जुनी गोष्ट नव्या माणसांपुढे कशी उभी करायची हे मी आधी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभी राहून बघितलं आणि मग संपादकाच्या टेबलाशी.

तुम्ही ज्या प्रतिक्रिया पाठवल्यात त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य आहे "आधी मूळ महाभारत वाचा." तुम्हाला ते टोचलंय आणि तुम्ही म्हणताय की हे लिहिणाऱ्यांनी स्वतः तरी वाचलंय का. बहुतेकांनी नसेल वाचलं, खरंय. पण ताई, तुम्ही वाचलंय का? रागावू नका, मी खरंच विचारतेय, कारण तुमच्या पहिल्या परिच्छेदात वाक्य आहे, "पुराणातली सावित्री नवऱ्याच्या मागे मुकाट फरफटत गेली, ही सावित्री तशी नव्हती." ह्यातला 'मुकाट' हा शब्द मूळ गोष्टीच्या बरोब्बर उलटा आहे. ती मुकाट नव्हती म्हणून तर गोष्ट घडली.

गोष्ट महाभारताच्या वनपर्वात येते, पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुनी हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती केली तिच्यात त्याला आरण्यकपर्व म्हटलंय. मद्र देशाचा राजा अश्वपती, मूलबाळ नाही, अठरा वर्षं व्रत करतो तेव्हा सावित्री देवीच्या वराने मुलगी होते म्हणून नाव सावित्री. ती मोठी होते तर तिच्या तेजाला दबून कुणी मागणीच घालायला येत नाही, असं सरळ म्हटलंय. मग बाप म्हणतो तूच जा, तूच शोध. ती रथात बसून जाते, फिरते आणि सत्यवानाला निवडते, राज्य गेलेल्या, आंधळ्या, रानात राहणाऱ्या द्युमत्सेनाचा मुलगा. नारद सांगतात वर्षभरात मरणार आहे. बाप म्हणतो दुसरा बघ. ती नाही म्हणते, बापाला आणि नारदाला तोंडावर, की वाटणी एकदाच पडते, मुलगी एकदाच दिली जाते, देतो असं एकदाच म्हणतात, मी एकदा निवडला, आता आयुष्य मोठं असो की छोटं, दुसरा निवडणार नाही. नारदच मग तिच्या बाजूने बोलतात. वर्षभर ती हे गुपित एकटी पोटात ठेवते, नवऱ्याला कळू देत नाही. शेवटचे तीन दिवस-रात्र उभं राहून उपास करते आणि त्या दिवशी सासऱ्याला विचारून नवऱ्याबरोबर रानात जाते.

आणि मग सत्यवानाचा जीव घेऊन निघालेल्या यमाच्या मागे चालताना ती बोलत असते, सतत बोलत असते. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते म्हणतात, ती मैत्री समोर ठेवून बोलते, असं म्हणून सुरुवात करते. सप्तपदी आपण लग्नात ऐकतो, ही बाई ते सात पावलांचं नातं थेट मृत्यूशी जोडते! मग सासऱ्याचे डोळे मागते, मग त्याचं राज्य, मग स्वतःच्या बापाला शंभर मुलगे, मग स्वतःला शंभर. दर वेळी यम म्हणतो, ह्याचा जीव सोडून काहीही माग. आपल्याला लहानपणी सांगतात की तिने शंभर पुत्रांच्या वरात यमाला फसवलं. तेवढंच नाहीये ते. यम तिच्या बोलण्याने हळूहळू बदलत जातो. एके ठिकाणी म्हणतो, तहानलेल्याला पाणी मिळावं तसं तुझं बोलणं आहे. आणि शेवटच्या वराआधी म्हणतो की तू जसजशी बोलतेस तसतशी माझी तुझ्यावरची भक्ती वाढते. भक्ती! यमाची, एका बाईवर. त्या वेळी तो "ह्याचा जीव सोडून" हे म्हणत नाही आणि ती ते बरोब्बर पकडते.

परत येतानाचं दृश्य तर मला सगळ्यात आवडतं. अंधार झालेला, सत्यवान अशक्त, आईवडील काळजी करत असतील म्हणून रडतोय. ती फळांची परडी फांदीला अडकवून ठेवते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात स्वतःच्या डाव्या खांद्यावर टाकते, उजव्या हाताने त्याला धरते आणि चालायला लागते. आता सांगा, ही फरफटत जाणारी बाई आहे का? तुमच्या कथेत ऑपरेशननंतर पहिल्यांदा घरी येताना ती नवऱ्याला धरून जिना चढते, स्वतःच्या कुशीत टाके असताना. तुम्ही न वाचता तेच दृश्य लिहिलंत. पहिल्या परिच्छेदात जिला हिणवलंत तिचंच चित्र बाराव्या परिच्छेदात काढलंत.

आणि एक गोष्ट, ही कथा महाभारतात कुणी कुणाला का सांगितली ते बघा. जयद्रथाने द्रौपदीला पळवून न्यायचा प्रयत्न केला, त्यानंतर युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना म्हणतो की मला माझं किंवा भावांचं तेवढं दुःख नाही जेवढं हिचं आहे, द्यूतात आम्हाला हिने तारलं, अशी दुसरी कुणी बाई तुम्ही पाहिली वा ऐकली आहे का. त्यावर मार्कंडेय सावित्री सांगतात. म्हणजे नवऱ्यांना वाचवणाऱ्या एका बाईच्या दुःखाच्या वेळी जुन्या काळातल्या दुसऱ्या बाईची गोष्ट काढून सांगितली. जुनी गोष्ट आजच्या दुःखासाठी सांगणं हे तुम्ही नवीन काही करत नाही आहात. ते त्या ग्रंथातच आहे. "मूळ वाचा" म्हणणाऱ्यांना हे सांगा, पण वाद जिंकायच्या सुरात नको, गोष्ट सांगायच्या सुरात सांगा, कारण ती फार सुंदर आहे आणि बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळेल.

त्यात वडाच्या फेऱ्या नाहीत, सूत गुंडाळणं नाही, सात जन्म नाहीत. ते सगळं व्रताबरोबर आलं, व्रतकथेतून, आज्यांच्या तोंडून. तिथीसुद्धा एक नाही, आपल्याकडे आणि गुजरातेत ज्येष्ठ पौर्णिमा, बिहार-उत्तर प्रदेशात ज्येष्ठ अमावास्या. पण इथे मला तुम्हाला सावध करायचंय. "सात जन्म मूळात नाहीच" हे हातात आलं की लेखकाला वाटतं आता सगळ्यांची तोंडं बंद करू. नका करू. आजीने सांगितलेलं हे त्या वाचकाचं मूळ आहे. त्याच्यासाठी ग्रंथ दुय्यम असतो. "मूळ महाभारत वाचा" म्हणणारा माणूस पुष्कळदा असं म्हणत असतो की माझ्या आईने उपाशी राहून जे केलं ते तुम्ही खोटं पाडताय. तो आईचं नाव घेत नाही, महाभारताचं घेतो. मी इतकी पत्रं वाचलीत की हे मला दुसऱ्या वाक्यातच कळतं.

आता माझ्या वडिलांचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. वडील सावित्री आख्यान लावायचे आणि त्यात काय वाट्टेल ते बदल करायचे. ७२ च्या दुष्काळात द्युमत्सेनाचं गेलेलं राज्य त्यांनी एका शेतकऱ्याच्या गहाण पडलेल्या रानासारखं रंगवलं होतं, आंधळा सासरा बांधावर बसून विचारतोय, पोरी ढग आलेत का गं? ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या, पुरुषही. हे कुठल्या पोथीत आहे असं एकानेही विचारलं नाही. का? मी पुष्कळ वर्षं विचार केला. एक म्हणजे ते देवळात उभे होते, समोर होते, गावाला माहीत होते. पण खरी गोष्ट अशी की ते आधी नमन करायचे. सुरुवातीलाच ऐकणाऱ्याला कळायचं की हा माणूस गोष्टीच्या बाजूचा आहे. एकदा ते कळलं की मग लोक सांगणाऱ्याला खूप लांबपर्यंत जाऊ देतात, यमाला तलाठी करा, सावित्रीला कोर्टात उभी करा, चालतं.

मोबाईलवर वाचणाऱ्याला तुम्ही कोण हे माहीत नाही. त्याच्या समोर फक्त पहिला परिच्छेद आहे, आणि बहुतेक जण तेवढाच वाचून बोलतात, तिसऱ्या परिच्छेदातल्या एकाही तपशिलावर कुणी बोललेलं नाही ते तपासून बघा. तर नमन ही कथेची रीत आहे, भाबडेपणा नाही. त्याचा अर्थ देवाला नमस्कार लिहा असा नाही. अर्थ असा की जिच्या खांद्यावर उभं राहून तुम्ही बोलताय तिला आधी पूर्ण उंचीची दाखवा. मग तुमची इचलकरंजीची सावित्री तिच्याहून वेगळा निर्णय घेते तेव्हा त्या निर्णयाला वजन येतं. बुटक्या बाईपेक्षा वेगळं वागण्यात काय आहे?

म्हणून पहिला परिच्छेद. खाली एक ओळ टाका की सुरुवात बदलली आहे आणि का बदलली. गुपचूप बदलू नका, लोकांकडे स्क्रीनशॉट असतात आणि गुपचूप बदल म्हणजे चोरी पकडल्यासारखं होतं.

आता एकेका प्रकारच्या प्रतिक्रियांचं.

ज्या शिव्या आहेत, तुमच्या मुलीचा उल्लेख आहे, घर कुठे आहे ते माहीत आहे असं दोघांनी लिहिलंय, त्यांच्याशी साहित्यिक चर्चा करायची नाही. उत्तरच द्यायचं नाही. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, लिंक जपा, घरात कुणाला तरी सांगून ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा सायबर शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. धमकी ही धमकी असते, ती वाचकाची प्रतिक्रिया नव्हे. आणि "भावना दुखावल्या म्हणून केस टाकू" म्हणणाऱ्यांचं, तुम्ही त्याने फार घाबरलेल्या दिसताय. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २९५अ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे. त्यात हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने धर्माचा अपमान केलेला असावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच म्हटलंय की नुसता कसाही दुखावणारा उल्लेख त्यात येत नाही. म्हणजे कुणी तक्रार करूच शकत नाही असं नाही, तक्रार कुणीही करतं आणि त्रास होतो, तेव्हा ओळखीच्या वकिलाला कथा आधीच वाचायला देऊन ठेवा. पण तुमच्या कथेत तसं काहीही नाही हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते.

"दुसऱ्यांच्या धर्मावर लिहून दाखवा" हे लिहिणारे. मी ह्यांना एकच उत्तर देत आलेय, की माझ्या आजीने मला ही गोष्ट दिली, मी हिच्यावरच लिहिणार. आणि ते खरं आहे. आपण आपल्याच गोष्टींशी भांडतो कारण त्या आपल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी आहे, तिथे सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं. लोक सांगतात की गरोदर सीतेला तिथे सोडलं, बाळंत झाल्यावर ती मूठभर गहू मागत घरोघरी फिरली, कुणी दिले नाहीत, तिने शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. ही गोष्ट कुणा विद्रोही लेखकाने नाही लिहिलेली, गावानेच सांगितली आणि स्वतःच्याच गावाला दोषी धरून सांगितली. जात्यावरच्या ओव्या बघा, लाखाच्या वर गोळा झाल्यात महाराष्ट्रातून, त्यात सीतेच्या वनवासावर किती आहेत आणि दळणाऱ्या बायका कुणाच्या बाजूने आहेत ते ऐका. ह्या बायका पहाटे उठून रामाचं नावही घेत होत्या. दोन्ही एकाच तोंडून.

"वड चोवीस तास ऑक्सिजन देतो म्हणून पूर्वजांनी पूजा सांगितली" वाले पण बरेच आहेत. रात्री प्रकाशसंश्लेषण होत नाही, तेव्हा वडही श्वासच घेत असतो. पण ह्यात वेळ घालवू नका, त्यांचा तुमच्या कथेशी संबंध नाही.

कौतुकाचं बोलते, कारण त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. "सणसणीत चपराक", "वाजवलीत एकदम", "भटुकड्यांना झोंबणार" अशा प्रतिक्रियांना तुम्ही हात जोडलेत, बदाम पाठवलेत. ताई, ह्या लोकांनीही कथा वाचलेली नाही. त्यांना एक काठी हवी होती, तुमची कथा हाताला लागली. त्यांना तुम्ही हात जोडलेत आणि त्या क्षणापासून बाकीच्यांच्या नजरेत तुमची कथा खरंच चपराक झाली. तुम्ही अशी कथा लिहिली नव्हती. मी जितके लेखक बिघडताना पाहिले त्यातले निम्मे तरी ह्याने बिघडले, शिव्यांनी नव्हे. पुढची कथा ते त्या टाळ्यांसाठी लिहितात.

मी स्वतः केलेली एक चूक सांगते. नव्वदच्या दशकात मी ज्या अंकाचं काम बघायचे त्यात रेणुकेवर एक कथा छापली, परशुराम आईवर परशू उचलतो त्या क्षणी ती काय विचार करत असेल, एवढीच. पोस्टकार्डं यायला लागली. कार्डावर माणूस नाव-पत्ता घालतो, पोस्टात जातो, तरी भाषा अशी की वाचवत नव्हती. मालक घाबरले, मी घाबरले, आणि पुढच्या अंकात चौकट टाकली की कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत. त्या चौकटीने एकही माणूस शांत झाला नाही. चिडलेल्यांना वाटलं ह्यांनीच कबूल केलं. ज्यांना कथा आवडली होती त्यांना वाटलं आम्हाला उघड्यावर सोडलं. आणि लेखिकेने परत कधी काही पाठवलं नाही. ह्या सगळ्यात माहूरच्या, म्हणजे रेणुकामातेच्या ठाण्याच्या, बाजूच्या एका म्हाताऱ्या बाईंचं कार्ड होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून लिहून घेतलेलं. त्यांनी लिहिलं होतं की आमच्या आईचं फक्त मुख आहे, आम्ही रोज तेवढंच बघतो, तुम्ही आज विचार केला, आम्ही रोज करतो. मी त्या कार्डाला उत्तर दिलं नाही. बाकीच्या गठ्ठ्यात ते गेलं. आज मला त्या कथेवर आलेलं तेच एक खरं वाचन वाटतं, आणि ते मी गमावलं.

म्हणून तुमच्या प्रतिक्रियांमधली ती एक. तुम्ही ती "चिडलेल्या" मध्ये टाकलीय. तिचं नाव-गाव इथे लिहीत नाही. तिने लिहिलंय की मी माझ्या नवऱ्याला किडनी दिली, तो पाच वर्षं जगला, मग गेला. आता वटपौर्णिमेला मला कुणी वडापाशी येऊ देत नाही, मी गच्चीवरून नमस्कार करते. तुमच्या बाईकडे दोरा होता, नवरा होता, वड होता, तिने बांधला नाही. मला बांधायचा असतो. तुम्ही आमची थट्टा केली.

ताई, हा राग धर्माचा नाही, तुम्ही ह्याला "परत तेच" म्हणून उत्तर दिलंत की आम्ही प्रश्न विचारायचेच नाहीत का. तिने तुम्हाला प्रश्न विचारू नका असं कुठे म्हटलंय? तिने तुम्हाला तुमच्या कथेतून सुटलेली दुसरी सावित्री दाखवलीय, जिचा सत्यवान परत आला आणि पुन्हा गेला. तुमच्या नायिकेला न बांधण्याचं स्वातंत्र्य आहे, हिला बांधण्याचंही नाही. इचलकरंजीपासून कोल्हापूर जिल्ह्यातलंच हेरवाड गाव किती लांब आहे? तिथल्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, राज्यभर गाजला, त्यानंतर सरकारनेही बाकी ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. तरी ही बाई गच्चीवरूनच नमस्कार करतेय. हिला उत्तर द्या. आजच. सगळ्यांसमोर नको, वेगळं लिहा. थट्टा नव्हती एवढंच सांगा, आणि मग स्वतःच्या कथेचा बचाव करू नका, तिचं विचारा. ती सांगेल तेवढं ऐका. आणि तिची गोष्ट तिला न विचारता कथेत घेऊ नका, हे मी मुद्दाम लिहितेय कारण लेखकाचा हात तिकडे जातो, माझाही गेला असता.

अजून एक प्रतिक्रिया आहे, दोनच शब्दांची, एका गृहस्थाची, "सत्यवान कुठाय?" तिला कुणी लाईक पण केलेलं नाही. मला ती सगळ्यात कामाची वाटली. तुमच्या कथेत नवरा म्हणजे एक पलंग आहे. तो तिला विचारतो का? नको म्हणतो का? घेतल्यावर त्याला लाज वाटते का, ऋण वाटतं का, रात्री जाग येते का? मूळ गोष्टीत सत्यवान उठल्यावर किती बोलतो, झोपेत मला कुणी काळा पुरुष ओढत होता तो कोण, असं विचारतो, आईवडिलांसाठी रडतो. तुमच्याकडे तो नुसता बरा होतो. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त हे खरंच आहे, तुमच्या कथेचा पाया पक्का आहे, पण घेणारा माणूस गप्प ठेवला की तो पाया भाषणासारखा वाटायला लागतो. त्याने एकदा तरी बोलावं.

आणि ती मुलाखत. अवयव देण्याआधी देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात, कागदपत्रं बघतात, रेकॉर्डिंग करतात, कुणाच्या दबावाखाली देताय का, पैसे घेतलेत का, परिणाम माहीत आहेत का. तुमच्या कथेत ह्यावर तीन ओळी आहेत, ती मान हलवते, सही करते, बाहेर येते. अहो, तो यम-सावित्री संवाद आहे! अख्ख्या कथेत त्या खोलीत पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारतंय की तुला काय हवंय. मूळ सावित्री जिथे सगळ्यात जास्त बोलली तिथे तुमची गप्प बसली. तिला बोलू द्या, चार पानं लागली तरी चालतील. ती काय मागेल? सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? घराच्या कागदावर स्वतःचं नाव? मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. ते लिहिलंत की शेवटचं "ह्या जन्मापुरतं झालं" हे वाक्य आत्ता जसं थोडं रुसल्यासारखं ऐकू येतं तसं येणार नाही, हिशेब पुरा केलेल्या बाईचं ऐकू येईल.

एकनाथांनी भागवताचा अकरावा स्कंध मराठीत आणला, काशीत १५७३ मध्ये ग्रंथ पुरा केला, तेव्हा तिथल्या पंडितांनी विरोध केला असं परंपरा सांगते. त्याच ग्रंथात त्यांनी लिहून ठेवलंय, "संस्कृत वाणी देवें केली, तरी प्राकृत काय चोरापासुनि झाली?" एवढा थेट प्रश्न आहे, पण तो विचारण्याआधी आणि विचारून झाल्यावर ते अठरा हजारांच्या वर ओव्या त्या भागवतातच बुडून लिहीत राहिले. मला हे तुमच्यासाठी आठवलं, कारण तुम्ही दोन दिवस फक्त उत्तरं देत बसलाय आणि कथेकडे परत गेलेला नाहीत.

तर आज रात्री बाकी कुणालाही उत्तर देऊ नका. त्या किडनी दिलेल्या ताईंना लिहा, तेवढंच. मग पाच-सहा दिवस प्रतिक्रिया उघडू नका, दुसऱ्या कुणाला तरी धमक्या तेवढ्या बघायला सांगा. वनपर्वातला सावित्रीचा भाग काढा, मराठी भाषांतरं आहेत, दोन तासांत वाचून होतो. पहिला परिच्छेद बदला, मुलाखत लिहा, सत्यवानाला बोलतं करा. झालं की मला पाठवा, मी वाचेन आणि जे वाटेल ते स्पष्ट सांगेन. आणि त्या ताईंचं उत्तर आलं तर, त्यांची हरकत नसेल तर, मला नुसतं आलं एवढं कळवा.